टाकीत किती तास उरले? दुसऱ्या महायुद्धातली गस्ती विमानं आणि रेंजचं खरं गणित

दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांबद्दल कुठेही वाचायला घ्या, रेंज म्हणून एक आकडा दिलेलाच असतो, कॅटलिना अडीच हजार मैल, कॉन्डोर साडेतीन हजार किलोमीटर वगैरे, आणि मग आपण नकाशा काढतो, तेवढी रेघ मारतो आणि म्हणतो अच्छा, म्हणजे इथून तिथपर्यंत पोचत असणार. मालवाहू विमानाला हे ठीक आहे. गस्ती विमानाच्या बाबतीत मात्र हा आकडा जवळपास निरुपयोगी आहे, कारण या विमानाला निघालं तिथेच परत यायचं असतं आणि लांब टोकाला जाऊन त्याचं काम असतं तिथे थांबणं. समुद्रावर घिरट्या घालत पाणबुड्या शोधायच्या, जहाजांच्या ताफ्यावर पहारा ठेवायचा. त्यामुळे विचारायचा प्रश्न असा की जागेवर पोचल्यावर किती तास हातात उरतात. १९४२-४३ मधे अटलांटिकमधले हजारो खलाशी या एका हिशोबावर जगले किंवा बुडाले, म्हणून तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

साधे आकडे घेऊ. समजा एक विमान १६ तास उडू शकतं. त्यातले २ तास राखीव ठेवायचे, कारण परत आल्यावर धुकं असेल तर दुसऱ्या तळावर जावं लागतं. उरले १४. ताफा ५ तासांच्या अंतरावर असेल तर जायला ५, यायला ५, म्हणजे ताफ्यावर ४ तास. ताफा ६ तासांवर गेला की उरले २. आणि ७ तासांवर गेला की शून्य, म्हणजे विमान ताफ्यापर्यंत पोचतं, लगेच वळतं आणि घरी येतं, फायदा काहीच नाही. आता त्याच विमानात कसंतरी करून ३ तासांचं जादा पेट्रोल भरा. एकूण वेळ १६ चा १९ झाला, वीस टक्केसुद्धा वाढ नाही, पण ६ तासांवरच्या ताफ्याला आधी २ तास पहारा मिळायचा तो आता ५ तास मिळतो, अडीच पट. ज्या ताफ्याला काहीच मिळत नव्हतं त्याला ३ तास मिळतात. टोकाला थोडंसं पेट्रोल वाढवलं की कामाचा वेळ एवढा कसा वाढतो ते यावरून कळतं.

मग भरा ना भरपूर पेट्रोल, असं वाटेल. पण पेट्रोलला वजन असतं, आणि ते वजन उचलायलाच पेट्रोल लागतं. उन्हाळ्यात गडावर जाताना सहा-सात लिटर पाणी पाठीवर घेतलं की त्या ओझ्यानेच जास्त घाम येतो आणि पाणी जास्त लागतं, तसंच हे. लांब पल्ल्याच्या उड्डाणात पहिल्या काही तासांचं पेट्रोल बऱ्यापैकी बाकीचं पेट्रोल वाहून नेण्यातच जातं आणि शेवटच्या टनात विमान सगळ्यात जास्त अंतर कापतं, कारण तोवर ते हलकं झालेलं असतं.

याचं सगळ्यात टोकाचं उदाहरण म्हणजे कॅटलिना. अमेरिकेच्या कन्सॉलिडेटेड कंपनीची ही फ्लाइंग बोट, पाण्यावरून उडायची आणि पाण्यावरच उतरायची, १०४ फुटांचा लांबच लांब पंख एका खांबावर उभा केलेला आणि त्यावर १२०० हॉर्सपॉवरची दोन इंजिनं. दिसायला बेढब आणि वेगाला इतकी मंद की ताशी २०० किलोमीटरच्या आसपासच चालायची. पण हवेत टिकायची म्हणजे टिकायची. पंखात वेगळी टाकी बसवायच्या ऐवजी पंखाचा मधला पोकळ भाग हीच टाकी, त्यामुळे टाकीचं वजन वाचलं. पाण्यात तोल सांभाळायला पंखाखाली जे तरंगे लागतात ते उडाल्यावर वर दुमडून पंखाचं टोक बनायचे म्हणजे हवेला अडथळा कमी. आणि फ्लाइट इंजिनियर बसायचा त्या खांबाच्या आत, एकटा, समोर सगळे गेज, आणि त्याचं दिवसभराचं काम म्हणजे पेट्रोल आणि इंजिनाचं तापमान बघत राहणं.

१९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडलं, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडमधला हवाई मार्ग तुटला. मग १९४३ च्या मध्यापासून क्वांटास कंपनीने पर्थहून थेट हिंद महासागर ओलांडून श्रीलंकेतल्या कोग्गलाच्या तळ्यापर्यंत कॅटलिना न्यायला सुरुवात केली, मधे कुठेही न थांबता साडेपाच हजार किलोमीटरच्या वर. वाऱ्याप्रमाणे २७ तासांपासून ३२ तासांपर्यंत वेळ लागायचा, प्रवाशांना एकाच प्रवासात दोनदा सूर्योदय दिसायचा म्हणून या फेऱ्यांना डबल सनराइज नाव पडलं. जपान्यांच्या टप्प्यातून जायचं असल्याने वायरलेस बंद, दिशा ताऱ्यांवरून काढायची. जादा टाक्या बसवून जवळपास ९ हजार लिटर पेट्रोल भरायचे, आणि त्या बदल्यात प्रवासी फक्त तीन आणि थोडीशी टपाल. ९ हजार लिटर म्हणजे साधारण साडेसहा टन, आणि विमानाचं उड्डाणाच्या वेळचं एकूण वजन १६ टनांच्या आसपास, म्हणजे चाळीस टक्के वजन निव्वळ पेट्रोलचं! सुरुवातीचे कित्येक तास विमान इतकं जड असायचं की एक इंजिन बंद पडलं असतं तर दुसऱ्यावर तरंगत राहणं शक्य नव्हतं. हे माहीत असूनही वैमानिक दर वेळी जायचे. १९४५ पर्यंत २७१ फेऱ्या झाल्या.

आता वेगाकडे येऊ, कारण इथेच बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. जास्तीत जास्त लांब जायचा वेग आणि जास्तीत जास्त वेळ हवेत राहायचा वेग, हे दोन वेगळे आहेत. विमान खूप हळू गेलं तर नाक वर करून कसंबसं स्वतःला धरून ठेवावं लागतं आणि त्यात ताकद जाते, खूप जोरात गेलं तर हवेच्या विरोधात ताकद जाते, मधे कुठेतरी एक वेग असतो जिथे तासाला सगळ्यात कमी पेट्रोल लागतं. त्या वेगाने उडालात तर सगळ्यात जास्त तास हवेत राहाल पण अंतर कमी कापाल. प्रोपेलरच्या विमानात किलोमीटरमागे सगळ्यात कमी पेट्रोल लागणारा वेग यापेक्षा बराच जास्त असतो, कागदावरच्या हिशोबाने साधारण तीस टक्के. म्हणून गस्ती विमान ताफ्यापर्यंत जाताना एका वेगाने जायचं आणि ताफ्यावर पोचलं की वेग कमी करून रेंगाळायचं.

शिवाय हे दोन्ही वेग ठरलेले नसतात, वजन घटलं की तेही घटतात. मघाची कॅटलिना १६ टनांवर निघाली आणि साडेनऊ टनांवर पोचली तर तिचा योग्य वेग शेवटी सुरुवातीपेक्षा जवळपास पाव हिश्श्याने कमी असायला हवा आणि तेव्हा लागणारी ताकद निम्म्याहूनही कमी. म्हणजे दर तासा-दोन तासाला थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा दांडा, थोडं मागे घ्यायला हवं. थकलेला माणूस एकदा लावलेली सेटिंग तशीच ठेवून देतो आणि घरी पोचेस्तोवर टाकी रिकामी होते.

इंजिन चालवायचीही एक कला होती. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण जाड ठेवलं की इंजिन थंड राहतं पण पेट्रोल वाया जातं, पातळ केलं की पेट्रोल वाचतं पण तापमानावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. आणि आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, कमी ठेवून मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, जास्त ठेवलं तर तेवढीच ताकद कमी पेट्रोलमधे मिळते, कारण इंजिन जितकं वेगाने फिरतं तितकं स्वतःच्या घर्षणातच जास्त खातं. १९४४ मधे चार्ल्स लिंडबर्ग, तोच ज्याने १९२७ मधे एकट्याने अटलांटिक ओलांडला होता, न्यू गिनीत अमेरिकन फायटर वैमानिकांना हेच शिकवायला गेला, विमान गस्तीचं नव्हतं, पी-३८ होतं, पण तत्त्व तेच. वैमानिकांना आधी भीती वाटली की इंजिनं जळतील, नंतर दिसलं की लिंडबर्गचं विमान आपल्याबरोबर तेवढंच उडून टाकीत जास्त पेट्रोल घेऊन उतरतंय. एकही नवीन पार्ट न बसवता पल्ला शेकडो मैलांनी वाढला. मला तरी या सगळ्या विषयातली ही सगळ्यात थक्क करणारी गोष्ट वाटते.

वारा. बऱ्याच जणांना वाटतं जाताना समोरून लागला तर येताना मागून लागेल, बरोबरी होईल. होत नाही. ताशी २०० च्या विमानाने ८०० किलोमीटर जाऊन परत यायचं असेल तर वारा नसताना ८ तास. ४० चा वारा समोरून असेल तर जाताना वेग १६०, लागले ५ तास, येताना २४०, लागले ३ तास २० मिनिटं, एकूण ८ तास २० मिनिटं. समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ घालवता म्हणून नुकसान नेहमी जास्तच. उलट जाताना वारा मागून असेल तर धोका मोठा, कारण बघता बघता खूप लांब जाता आणि परतीला तोच वारा छातीवर. १० तासांचं पेट्रोल आहे, जाताना २४०, येताना १६०, तर ४ तासांनी वळलंच पाहिजे, पाचव्या तासाला वळलात तर समुद्रात. म्हणून नेव्हिगेटर सारखा लाटांकडे बघून वाऱ्याचा अंदाज घेत बसलेला असायचा, आणि वळायची वेळ दर तासाला नव्याने काढायची.

हे सगळं प्रत्यक्षात काय करू शकायचं बघा. मे १९४१ मधे बिस्मार्क ही जर्मन युद्धनौका ब्रिटिश नौदलाच्या हातून निसटून फ्रान्सकडे चालली होती, ३० तासांहून जास्त वेळ कुणालाच तिचा पत्ता नव्हता. २६ मेच्या पहाटे उत्तर आयर्लंडमधल्या लॉक अर्न तलावावरून एक कॅटलिना निघाली आणि सुमारे सात तास उडाल्यावर तिला बिस्मार्क दिसली. सात तास जाण्यात गेल्यावरही तिच्याकडे पेट्रोल शिल्लक होतं, म्हणूनच हा शोध लागला. यात एक बारीक गोष्ट अशी की लॉक अर्नहून समुद्र जवळ होता पण मधे तटस्थ आयर्लंडची चिंचोळी पट्टी. आयर्लंड सरकारने गुपचूप तिच्यावरून उडायची परवानगी दिली होती, डोनेगल कॉरिडॉर म्हणतात त्याला. ती नसती तर प्रत्येक विमानाला उत्तरेला वळसा घालावा लागला असता आणि तेवढा गस्तीचा वेळ गेला असता, तोही जाताना आणि येताना दोन्हीकडे.

तसंच ४ एप्रिल १९४२. कोग्गलाहून कॅनडाच्या स्क्वाड्रनची एक कॅटलिना लिओनार्ड बर्चल पहाटे घेऊन निघाला, दिवसभर श्रीलंकेच्या आग्नेयेला समुद्र पिंजून काढला, काही नाही, आणि गस्त संपत आलेली असताना क्षितिजावर ठिपके दिसले. जवळ जाऊन बघितलं तर पाच विमानवाहू जहाजं असलेला जपानी ताफा. वायरलेसवर संदेश पाठवला, तो पाठवत असतानाच झीरो फायटरनी विमान पाडलं. बर्चल युद्धकैदी झाला आणि युद्धानंतर घरी परतला. दुसऱ्या दिवशी ईस्टरच्या रविवारी कोलंबोवर हल्ला झाला तेव्हा बंदरातली बरीचशी जहाजं आधीच बाहेर काढलेली होती. विमान दोन तास आधी परत फिरणारं असतं तर हा संदेश गेलाच नसता.

आणि मग अटलांटिकमधली पोकळी. कॅनडा, आइसलंड आणि ब्रिटन तिन्हीकडून विमानं निघायची पण समुद्राच्या मधोमध शेकडो मैलांचा एक पट्टा असा होता जिथे कुठलंच विमान पोचत नव्हतं, पोचलं तरी थांबू शकत नव्हतं. जर्मन पाणबुड्या तिथेच जमायच्या. सुंदरलँड हे ब्रिटिशांचं मोठं, चार इंजिनांचं, आत झोपायला बर्थ आणि स्वयंपाकाची सोय असलेलं दणकट विमान, पण तेही १३-१४ तासच टिकायचं. इथे हे समजून घ्या की विमानाला पाणबुडी बुडवायलाच लागते असं नाही. तेव्हाची जर्मन पाणबुडी पाण्यावर १७ नॉटने, म्हणजे ताशी साधारण ३१ किलोमीटरने, पळायची पण पाण्याखाली बॅटरीवर जेमतेम ७, तेही थोडाच वेळ. ताफा ७ ते ९ नॉटने चाललेला. विमान नुसतं दिसलं की पाणबुडी बुडी मारते, आणि खाली गेली की ताफा निसटतो. म्हणून ताफ्यावर विमानाचा प्रत्येक तास म्हणजे पाणबुड्या मागे पडण्याचा एक तास.

यावर उत्तर होतं लिबरेटर, बी-२४. मुळात बॉम्बर, चार इंजिनांचा, ११० फुटांचा लांब आणि अरुंद पंख, असा पंख हवा कमी ढवळतो त्यामुळे लांब पल्ल्याला फायद्याचा. त्यातलं चिलखत काढलं, बऱ्याच विमानांतला तोफांचा बुरुज काढला, बॉम्ब ठेवायच्या जागेत जादा पेट्रोलच्या टाक्या बसवल्या आणि उरलेल्या जागेत थोडे डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे पाणबुडीविरोधी बॉम्ब. व्हेरी लाँग रेंज लिबरेटर हेच. नवीन शोध कसलाच नाही, एक वजन काढून दुसरं भरलं एवढंच. डिसेंबर १९४२ मधे १२० स्क्वाड्रनच्या टेरेन्स बुलॉकने अशा एका विमानातून एचएक्स २१७ ताफ्याभोवती एकाच गस्तीत आठ पाणबुड्या बघितल्या आणि सातांवर हल्ला केला. एका विमानाने दिवसभर आख्ख्या टोळीला पाण्याखाली दाबून ठेवलं.

इतकं दिसत असूनही विमानं मोजकीच दिली गेली, कारण जर्मन शहरांवर बॉम्ब टाकायलाही लांब पल्ल्याची विमानं हवी होती आणि ब्रिटिश बॉम्बर कमांडचा आर्थर हॅरिस सगळं तिकडेच वळवा म्हणत होता. ही माझ्या मते त्या युद्धातली फार महाग पडलेली चूक होती. मार्च १९४३ मधे एससी १२२ आणि एचएक्स २२९ या दोन ताफ्यांची मिळून २२ जहाजं बुडाली. त्यानंतर मात्र लिबरेटर वाढले, छोटी विमानवाहू जहाजं आली, नवे रडार आले, आणि मे महिन्यात जर्मनांच्या ४० हून जास्त पाणबुड्या गेल्यावर जर्मन नौदलप्रमुख ड्योनिट्झने त्या उत्तर अटलांटिकमधून मागे घेतल्या. श्रेय एकट्या लिबरेटरचं नाही हे खरं, पण ती पोकळी विमानांच्या बाजूने बुजवली त्यांनीच. त्याच वर्षी ऑक्टोबरमधे पोर्तुगालने अझोर्स बेटांवर तळ दिला. टाकी मोठी करा नाहीतर तळ जवळ आणा, हिशोब एकच.

जर्मनांनी आणि जपान्यांनी हाच प्रश्न आपापल्या पद्धतीने सोडवायचा प्रयत्न केला. फोके-वुल्फ कॉन्डोर मूळचं प्रवासी विमान, १९३८ मधे बर्लिनहून न्यूयॉर्कला न थांबता २५ तासांत गेलेलं. युद्धात ते बोर्डोहून निघायचं, ब्रिटनला पश्चिमेकडून मोठा वळसा घालून थेट नॉर्वेत उतरायचं, म्हणजे परतीचाच रस्ता नको आणि सगळा मार्ग गस्तीचा. हुशार युक्ती, पण प्रवासी सांगाड्यावर पेट्रोल आणि बॉम्बचं ओझं लादल्याने उतरताना काही विमानांची पाठच मोडायची. जपानची कावानिशी एच८के फ्लाइंग बोट तर कॅटलिनापेक्षाही लांब जायची, आणि मार्च १९४२ मधे त्यांनी अशी दोन विमानं मधल्या एका प्रवाळ बेटाजवळ उतरवून पाणबुडीतून पेट्रोल भरलं आणि पर्ल हार्बरवर पोचवली. नुकसान काही झालं नाही. पण प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटाच्या लढाईआधी पुन्हा तेच करायला गेले तर त्या बेटाजवळ अमेरिकन जहाजं उभी होती, बेत रद्द झाला आणि अमेरिकेची विमानवाहू जहाजं बंदरातून निघून गेल्याचं जपानला कळलंच नाही.

आपल्याकडचा धागा थेट या लिबरेटरशी आहे. युद्ध संपल्यावर कानपूरला टाकून दिलेली विमानं एचएएलने दुरुस्त करून हवाई दलाला दिली आणि ६ स्क्वाड्रन ती पुण्याहून सागरी गस्तीसाठी उडवत होती, १९६० च्या दशकापर्यंत, जगात बाकी सगळीकडे ती केव्हाच भंगारात गेली असताना. त्यातलंच एक आज ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममधे आहे. लिबरेटरनंतर एअर इंडियाकडची सुपर कॉन्स्टेलेशन आली, १९७६ मधे ते काम नौदलाकडे गेलं आणि गस्त गोव्याच्या दाबोळीहून सुरू झाली, मग आयएल-३८ आलं ते २०२३ पर्यंत होतं, आता पी-८आय आहे. पी-८ बद्दल बोइंग जो आकडा देते तो मुद्दाम बघा, १२०० नॉटिकल मैलांवर जाऊन तिथे ४ तास.